बागेचा ताण आणि मुलांचे मन

आपल्या जालना जिल्ह्यात राहून ज्याने मोसंबीची बाग पाहिली नाही असा विद्यार्थी विरळाच सापडेल. जालन्याच्या मोसंबीस भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि बदनापूर येथे या फळाच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्रही आहे. या बागांच्या मालकांच्या तोंडी एक शब्द वारंवार ऐकू येतो. तो शब्द म्हणजे ‘ताण’. ‘बाग ताणावर सोडली आहे’, ‘औंदा ताण नीट बसला नाही’, असे ते बोलत असतात. हाच शब्द अलीकडे शाळेतही शिरला आहे. ‘परीक्षेचा ताण आला’, ‘मुलगा ताणात आहे’, असे पालक आम्हांस येऊन सांगतात. शब्द एकच, आणि तो शेतात व शाळेत सारखाच वापरला जातो. तेव्हा या दोन ताणांत काही नाते आहे काय, आणि बागेपासून घर व शाळा यांनी काही शिकण्यासारखे आहे काय, याचा विचार या लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम बागेचा ताण म्हणजे काय ते पाहू. मोसंबीचे झाड आपल्या मर्जीने वर्षभर थोडे थोडे फुलत राहते, पण त्यामुळे एकरकमी पीक हाती येत नाही. म्हणून ज्यांस आंबे बहार धरावयाचा असतो ते मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात. पाणी तुटले की झाडाची वाढ थांबते आणि त्याच्या अंगी अन्नाचा साठा होऊ लागतो. पुढे पाणी मिळताच तो साठा फुलांच्या रूपाने बाहेर पडतो, आणि बाग एकदम बहरते. ताण हा झाडाचा शत्रू नव्हे. योग्य वेळी व योग्य प्रमाणात दिला तर तोच बहराचे कारण होतो.

परंतु जाणता बागाईतदार ताण देताना चार गोष्टी कधीही विसरत नाही. पहिली गोष्ट झाडाचे वय. लहान कलमास तो ताणावर सोडीत नाही. पहिली काही वर्षे झाडाचे खोड, मुळे व फांद्या धरू देतो. दुसरी गोष्ट जमीन. हलक्या, मुरमाड जमिनीतील बागेस थोड्याच दिवसांचा ताण पुरतो, आणि भारी काळ्या जमिनीत अधिक दिवस लागतात. शेजाऱ्याने इतके दिवस पाणी तोडले म्हणून आपणही तितकेच दिवस तोडावे, असे शहाणा मनुष्य करीत नाही. तिसरी गोष्ट खुणा. पाने फिकी पडली, काही गळू लागली, की ताण बसला असे तो समजतो. त्यापुढेही पाणी तोडून ठेविले तर फांद्या वाळतात व झाड जायबंदी होते. चौथी गोष्ट पाणी पुन्हा सुरू करण्याची रीत. तहानलेल्या बागेस तो एकदम पाट फोडून देत नाही. पहिले पाणी हलके देतो, त्यास आंबवणी म्हणतात. मग काही दिवसांनी दुसरे, चिंबवणीचे. आणि त्यानंतर भरपूर.

आता आपण शाळेकडे वळू. मुलांच्या आयुष्यातही थोडा ताण हवाच असतो. पाठांतराची धास्ती, धावण्याच्या शर्यतीपूर्वीची छातीतील धडधड, संमेलनात रंगमंचावर पाऊल टाकतानाची थरथर, हे सारे बहराच्या आधीचे ताण होत. त्यांतून गेल्यावर मुलाच्या अंगी नवा आत्मविश्वास येतो. ‘माझ्या मुलास कसलाही त्रास होऊ नये’ असे म्हणून जो पालक त्याच्या वाटेतील प्रत्येक खडा उचलतो, तो त्याचे हित करीत नाही. तथापि बागेची जी चार पथ्ये आम्ही वर सांगितली, ती घरात व शाळेत किती पाळली जातात? सहा वर्षांच्या बालकास पहिल्या क्रमांकाच्या शर्यतीत उतरविणे हे कलम ताणावर सोडणेच होय. ‘त्या अमक्याच्या मुलास इतके गुण पडतात, तुला का पडत नाहीत?’ हा प्रश्न म्हणजे आपली जमीन न पाहता शेजाऱ्याच्या हिशेबाने पाणी तोडणे होय. एकाच आईच्या दोन मुलांचीही जमीन सारखी नसते, मग दोन घरांच्या मुलांची कोठून असणार?

तिसरे पथ्य खुणा ओळखण्याचे, आणि ते सर्वांत अवघड आहे. झाडाचे पान पिवळे पडले तर रस्त्याने जाणाऱ्यालाही दिसते. मुलाचे मन मात्र असे उघडे दिसत नाही. मोठ्या माणसास दुःख झाले तर तो ‘मला दुःख झाले’ असे सांगू शकतो. मुलापाशी तेवढे शब्द नसतात. म्हणून त्याचे दुःख शरीराच्या व वागणुकीच्या वाटेने बाहेर येते. शाळेच्या वेळीच नेमके पोट दुखू लागते, डोके चढते, रात्री झोप येत नाही किंवा दिवसा डोळे मिटतात, पूर्वी आवडणारा खेळ नकोसा होतो. कोणी घुमा होतो, तर कोणी उगीच भांडू लागतो. ज्यास आपण आळशी, हट्टी किंवा उद्धट म्हणून मोकळे होतो, तो पुष्कळदा केवळ दुःखी असतो.

या ठिकाणी आपल्याच जिल्ह्यातील एका आख्यायिकेची आठवण होते. घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. त्यांचे बाळपणीचे नाव नारायण. वडील सूर्याजीपंत त्यांच्या लहानपणीच निवर्तले. अशी कथा सांगतात की, एकदा हा मुलगा घरात कोठे दिसेना. शोधाशोध करता तो अडगळीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकटाच बसलेला आढळला. आईने येथे काय करतोस म्हणून विचारिले, तेव्हा आपण साऱ्या विश्वाची चिंता करीत आहो, असे उत्तर त्याने दिले. ही कथा ऐकताना सर्वांचे लक्ष मुलाच्या उत्तराकडे जाते. आम्हांस मात्र राणूबाईंचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा वाटतो. मूल दिसेनासे झाले हे त्या माउलीच्या ध्यानात आले, तिने त्यास शोधिले, आणि त्याच्या मनात काय चालले आहे ते त्यालाच विचारिले. पुढे याच पुत्राने मनाला उद्देशून २०५ श्लोक रचिले, हे सर्वांस विदित आहेच. मनाशी बोलता येते, त्यास समजाविता येते, हा विचार आपल्या मातीस नवा नाही.

येथे आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून नाव-गाव देत नाही. काही वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. जवळच्या खेड्यातून तो पायी येई. दिवाळीपर्यंत वेळेवर येणारा हा मुलगा दिवाळीनंतर रोज उशिरा येऊ लागला, आणि आला की दुसऱ्या तासाला पेंगू लागला. आम्ही त्यास समज दिली, मग रागावलो, आणि अखेरीस वर्गाबाहेर उभे केले. तो एक शब्दही बोलला नाही. त्याच्या या मौनास आम्ही उद्धटपणा समजलो.

एके दिवशी वह्या तपासताना त्याच्या वहीचे शेवटचे पान आमच्यापैकी एकाच्या दृष्टीस पडले. पानभर बारीक उभ्या रेघा ओढलेल्या होत्या, आणि पाच-पाच रेघांचा एकेक गठ्ठा आडव्या रेघेने बांधलेला होता. शिक्षकांनी त्यास रागावून काही विचारिले नाही. मधल्या सुटीत सहज जवळ बसवून, ‘या रेघा कसल्या रे?’ एवढेच म्हटले. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, ‘आई गेल्यापासूनचे दिवस आहेत, गुरुजी.’ त्याचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीस गेले होते. घरी थकलेली आजी आणि पाच वर्षांची बहीण. पहाटे उठून पाणी भरावयाचे, भाकरी थापावयाच्या, बहिणीची वेणी घालावयाची, आणि मग शाळा. रात्री बहीण आईसाठी रडे, म्हणून तो जागाच असे. आम्ही ज्यास वर्गाबाहेर उभे करीत होतो, तो मुलगा घरी एका कुटुंबाचा भार वाहत होता.

त्या दिवशी आम्हांस जी लाज वाटली ती अद्याप गेली नाही. शिक्षा अर्थातच बंद झाली. पहिल्या तासाचा अभ्यास त्यास दुपारी करून घेता येईल अशी सोय केली. शेजारच्या एका बाईंनी सकाळी त्याच्या बहिणीकडे पाहण्याचे कबूल केले. तो मुलगा त्या वर्षी काही पहिला आला नाही. उत्तीर्ण झाला, एवढेच. परंतु त्यानंतर तो हळूहळू बोलू लागला, आणि गुढीपाडवा उलटल्यावर एके सकाळी वर्गात शिरता शिरताच, ‘गुरुजी, आई आली,’ असे त्याने सांगितले. त्या तीन शब्दांचा आनंद आम्हांस कोणत्याही निकालाहून अधिक झाला.

बागाईतदाराचे चौथे पथ्य आम्ही त्या प्रसंगाने शिकलो. बरेच दिवस गप्प राहिलेल्या मुलावर प्रश्नांचा वा उपदेशाचा पाट फोडून चालत नाही. ‘काय झाले? कोणी केले? का सांगितले नाहीस?’ असा मारा केला की ते अधिकच मिटते. पहिले बोलणे आंबवणीच्या पाण्यासारखे हलके असावे. वहीतील रेघांविषयी, घरच्या वासराविषयी, कालच्या खेळाविषयी एखादा साधा प्रश्न करावा, आणि नंतर थांबावे. मूल बोलू लागले म्हणजे मध्येच ‘एवढ्याशा गोष्टीचे काय रडतोस’ असे म्हणू नये. आपणांस जी गोष्ट एवढीशी दिसते, ती त्याच्या लहानशा जगात फार मोठी असू शकते. त्याचे सर्व म्हणणे ऐकून घेतल्यावरच उपाय सुचवावा. आणि तोही शक्य तर त्यालाच विचारून.

हा केवळ आमच्या एका वर्गाचा प्रश्न नव्हे. आपल्या जिल्ह्यातून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीस जातात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल बरोबर नेले तर शाळा बुडते. मागे ठेविले तर आईबाप दुरावतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी गावोगावी हंगामी वसतिगृहे चालविली जातात. तेथे पोटाची व अभ्यासाची सोय होते. परंतु संध्याकाळी दिवे लागले म्हणजे मुलास जी आईची आठवण येते, तिच्यासाठीही तेथे कोणी मायेचे माणूस हवे. दुष्काळाचेही तसेच आहे. २०१२-१३ साली आपल्या जिल्ह्यात असा दुष्काळ पडला की, वर्षानुवर्षे जोपासलेल्या मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. कित्येकांनी टँकरचे विकतचे पाणी घालून झाडे जगविण्याची पराकाष्ठा केली. त्या घरांतील मुलांनी बापाच्या कपाळावरील आठी रोज पाहिली. घरात कर्जाविषयी कुजबुज चालली असता मूल झोपलेले आहे असे मोठ्यांस वाटते. ते पुष्कळदा जागे असते, आणि हे सारे माझ्यामुळेच तर नव्हे ना, अशी शंका मनात धरून बसते. २०१५ साली शासनाने मराठवाडा व विदर्भातील चौदा जिल्ह्यांत शेतकरी कुटुंबांस मानसिक आधार देण्यासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यांत आपला जिल्हाही होता. मोठ्यांचे मन सावरले म्हणजे मुलांचेही सावरते. म्हणून पालकांनी स्वतःसाठी मदत मागण्यात कमीपणा मानू नये.

बाहेरच्या जगाने या विषयाचा विचार केव्हाच आरंभिला आहे. मुंबईस १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावे समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तिचे पहिले संचालक डॉ. क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन मिशनरी होते. त्या संस्थेने १९३७ साली मुलांच्या मनाच्या अडचणींसाठी मार्गदर्शन-केंद्र उघडले. हिंदुस्थानातील अशा केंद्रांत ते पहिले गणले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वर्षे वयाच्या दर सात मुलांमुलींत एकास मनाचा काही ना काही विकार असतो. आपल्या देशात २०१५-१६ साली बारा राज्यांत झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण शेकडा ७.३ आढळले. साठ मुलांच्या वर्गास हा हिशेब लाविला तर चार मुले भरतात. प्रत्येक शिक्षकाने हजेरी घेताना त्या चारांची आठवण ठेवावी. कायद्यानेही याची दखल घेतली आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमाने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास जशी मनाई केली, तशीच त्याचा मानसिक छळ करण्यासही केली. छडी हातातून गेली, पण टोचून बोलणे जिभेवर राहिले, तर त्या कायद्याचा हेतू सिद्धीस गेला असे म्हणता येणार नाही.

आता पालकांस दोन शब्द. रोज निदान एक वेळचे जेवण मुलांसमवेत घ्यावे, आणि त्या वेळी गुणांचा विषय काढू नये. मोबाइल बाजूस ठेवावा. प्रथम आपला, मग मुलाचा. किशोरवयीन मुलास रात्री आठ ते दहा तास झोप लागते. ती अभ्यासाच्या नावाखाली कापू नये. चूक झाली तर चुकीविषयी बोलावे, मुलास नावे ठेवू नयेत. ‘तू खोटे बोललास’ आणि ‘तू खोटारडाच आहेस’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यातून सुधारण्यास वाट उरते, दुसऱ्यातून उरत नाही. आपल्या हातून अन्याय झाला तर मुलाची क्षमा मागावी. तीने अधिकार जात नाही, उलट विश्वास वाढतो.

विद्यार्थीमित्रहो, काही गोष्टी तुमच्याही हाती आहेत. मनात जे दाटते त्यास नाव देण्यास शिका. आपली मराठी भाषा या बाबतीत मोठी श्रीमंत आहे. धास्ती, हुरहूर, खंत, रुखरुख, चिडचिड, मत्सर, उदासी, संकोच, हे सारे निरनिराळे आहेत. ‘मला कसेतरी होते’ असे म्हणण्याऐवजी ‘मला उद्याच्या तोंडी परीक्षेची धास्ती वाटते’ असे म्हणता आले, की निम्मे ओझे उतरते. दुसरे, मनातले सांगण्यासाठी एक तरी मोठे माणूस हेरून ठेवा. आई, आजोबा, मावशी, एखादे शिक्षक, कोणीही. तिसरे, रोज मैदानावर घाम गाळा. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एखाद्या मित्राने वा मैत्रिणीने ‘मला जगावेसे वाटत नाही’ असे सांगितले, तर ती थट्टा समजू नका आणि ते गुपितही ठेवू नका. ‘कोणास सांगू नकोस’ अशी शपथ त्याने घातली असली तरी ताबडतोब वडीलधाऱ्यांस कळवा. अशी शपथ मोडण्यात विश्वासघात नाही. मैत्री याहून वेगळी नसते.

वर सांगितलेल्या खुणा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्या, खाणेपिणे, झोप व अभ्यास यांवर परिणाम होऊ लागला, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. स्वतःस इजा करण्याची भाषा निघाली तर एक दिवसही थांबू नये. ‘बाहेरचे झाले’ म्हणून अंगारे-धुपारे करीत बसल्याने मोलाचा काळ फुकट जातो. ताप आला असता डॉक्टरकडे जाण्यात जशी लाज नाही, तशी येथेही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली सरकारी जिल्हा रुग्णालयात मानसोपचार मिळतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, विनामूल्य, मराठीतही बोलता येते. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. ही सेवा १९९६ साली प्रथम मुंबईतच सुरू झाली. हे दोन्ही क्रमांक प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावेत, अशी आमची सूचना आहे.

अखेरीस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बागेचा दृष्टांत आम्ही आरंभापासून चालविला, परंतु तो एका ठिकाणी तोकडा पडतो. बाग आपण फळासाठी लावतो, आणि फळ देईनाशी झाली की उपटून टाकतो. मुलांचे तसे नाही. ती आपणांस फळ द्यावे म्हणून जन्मास आलेली नाहीत. त्यांचा बहर कधी येईल व कोणत्या रंगाचा येईल हे आपणांस ठरविता येत नाही. आपल्या हाती केवळ राखण आहे, आणि वेळेवरचे पाणी आहे. यंदाचा निकाल घरी जाईल तेव्हा त्यावरील आकडे पाहण्यापूर्वी पालकांनी क्षणभर मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.